आधी कोपर, मग वेग

वाचकाचं पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईनं लिहिलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीत. बेसबॉलमध्ये उजव्या हातानं पिचिंग करतो, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकतो; त्याचा फास्टबॉल (सर्वांत वेगाचा चेंडू) ताशी ८४ मैलांपर्यंत जातो. मार्च ते जून शाळेचा संघ, नंतर उन्हाळाभर आणि ऑक्टोबरपर्यंत ट्रॅव्हल संघ, म्हणजे शाळेबाहेरचा, पैसे भरून खेळायचा संघ. ट्रॅव्हल संघाचे कोच म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ९० गाठले नाहीत तर दारं बंद होतील. त्यासाठी हिवाळ्यात जड चेंडूंनी वेग वाढवण्याचा वर्ग लावा. मुलाला हायस्कूल संपताच ड्राफ्टमधून (क्लब फेरीफेरीनं नवे खेळाडू घेतात ती वार्षिक निवड) थेट व्यावसायिक व्हायचं आहे. वडिलांच्या मते अकरावीचं वर्ष तोंडावर आलंय, आता खेळ पुरे. शिवाय, ‘क्रिकेटमध्ये बोलर दिवसाला वीस ओव्हर टाकतो, याच्या ऐंशी चेंडूंचं एवढं काय?’ दोन महिन्यांपासून मुलाचं कोपर आतल्या बाजूनं दुखतंय. तो सामन्याआधी आयबुप्रोफेन घेतो आणि ‘बाबांना, कोचना सांगू नकोस’ म्हणतो. आई विचारते: यात खरंच करिअर आहे का, वर्गाचे पैसे भरू का, आणि घरात कुणाची बाजू घेऊ?

उत्तर:

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पत्राच्या शेवटी एका वाक्यात येऊन गेली आहे. सोळा वर्षांच्या पिचरचं कोपर आतल्या बाजूनं दोन महिने दुखतंय, हा आजचा पहिला विषय. डॉक्टरांनी तपासेपर्यंत त्यानं एकही चेंडू फेकायचा नाही. उरलेले सामने नाहीत, घरामागच्या अंगणात ‘हलकंसं’ नाही, वर्ग तर नाहीच. आणि फेकण्याआधी वेदनाशामक गोळी कायमची बंद. दुखणं हा त्या हातातला एकमेव इशारा आहे, आणि गोळी नेमका तोच बंद करते.

एवढं ताणून का सांगतोय, ते कळायला पिच, म्हणजे पिचरचा एक चेंडू, टाकतानाचा क्षण बघा. पुढचा पाय माउंडवर (पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावर) टेकलेला असतो, छाती कॅचरकडे (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणाऱ्याकडे) वळू लागलेली असते, पण चेंडू धरलेला हात अजून मागेच असतो, तळवा जवळपास आकाशाकडे. त्या वेळी कोपराची आतली बाजू उघडली जाईल असा जोर पडतो. तिथून पुढे खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगानं फिरतो. तो जोर पेलायला कोपराच्या आत एक छोटासा अस्थिबंध असतो. प्रौढ पिचरांवर प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापात हा जोर ६४ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो, आणि तो अस्थिबंध एकटा साधारण ३२ ला तुटतो. उरलेला भार हाताच्या पुढच्या भागातले स्नायू उचलतात. स्नायू थकले की तो अस्थिबंधावर जातो. म्हणूनच थकलेल्या हातानं टाकलेले शेवटचे वीस चेंडू पहिल्या साठांपेक्षा जास्त घात करतात.

सोळाव्या वर्षी यात आणखी एक गोष्ट असते. कोपराच्या आतल्या उंचवट्यापाशी हाडाची वाढ जिथून होते तो कूर्चेचा भाग अजून मिटलेला नसू शकतो. असा भाग अस्थिबंधापेक्षाही कमजोर असतो आणि ताणानं हाडापासून सुटू लागतो.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना केली होती. हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेचा धोका ३६ पट निघाला. वर्षात आठ महिन्यांहून जास्त सामने खेळणाऱ्यांमध्ये ५ पट, एका सामन्यात सरासरी ८० पेक्षा जास्त पिच टाकणाऱ्यांमध्ये सुमारे ४ पट. मार्च ते ऑक्टोबर मोजा. तुमच्या मुलाचे आठ महिने आत्ताच भरलेत, आणि वर हिवाळ्याचा वर्ग यायचा आहे.

आता त्याच्या बाबांचा क्रिकेटचा मुद्दा. तो आपल्याकडच्या प्रत्येक घरात निघतो आणि प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देतो. गोलंदाज धावत येतो आणि हात जवळपास सरळ ठेवतो. कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ द्यायचं नाही असा नियमच आहे. त्याचा भार कोपरापेक्षा कंबरेवर आणि पाठीवर जातो. जसप्रीत बुमराहची २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली ती पाठीची. पिचर उभ्या जागेवरून, वाकलेल्या कोपरानं, जवळजवळ प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं टाकतो. आणि कागदावरचे ८० हे खरे ८० नसतात. सामन्याआधी बुलपेनमध्ये (सरावाच्या जागेत) पंचवीस-तीस, दर इनिंगला (सामन्यातल्या छोट्या डावाला) माउंडवर आल्यावर पाच-आठ, असं धरलं तर हात त्या दिवशी सव्वाशे-दीडशे वेळा फिरलेला असतो. बोलर दमला की कळतं, पळणं मंदावतं. पिचरचा थकवा बाहेरून दिसेलच असं नाही. चेंडू थोडा वर राहू लागतो, कोपर खांद्याच्या रेषेखाली येतं, दोन पिचमधला वेळ वाढतो. सामना बघताना धावफलकाऐवजी या तीन गोष्टींवर नजर ठेवा.

डॉक्टर निवडताना नुसता हाडांचा डॉक्टर नको, फेकणाऱ्या खेळाडूंना तपासणारा स्पोर्ट्स ऑर्थोपेडिक बघा. दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगा, कारण वाढीचा भाग किती उघडा आहे हे दुसऱ्या हाताशी ताडून कळतं. एमआरआय लागतो का, हे डॉक्टर ठरवतील. मुलाला आधीच विचारून ठेवा: दुखतं ते चेंडू सोडण्याआधी की सोडल्यावर? करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का? सकाळी कोपर पूर्ण सरळ होतं का? कधी ‘फट्’ असा आवाज आला का? हे चार प्रश्न मशीनइतकंच सांगून जातात.

निदान साध्या ताणाचं किंवा वाढीच्या भागाच्या जळजळीचं निघालं, तर बहुधा काही आठवडे फेकणं पूर्ण बंद आणि फिजिओथेरपी, एवढ्यावर भागतं. परत सुरुवात होते ती टप्प्याटप्प्यानं. ४५ फुटांवरून २५ हलके चेंडू, मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा २५. असं आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. दुखलं नाही तर ६० फूट, मग ९०, मग १२०. आणि त्यानंतर माउंड, तोही अर्ध्या ताकदीनं पंधराएक पिचपासून. घाई नेमकी १२० फुटांच्या टप्प्यावर होते, कारण तिथे मुलाला ‘आता मी बरा आहे’ असं वाटू लागतं. दुखलं की एक टप्पा मागे यायचं, पुढे ढकलायचं नाही.

अस्थिबंध फाटलेला निघाला तर मात्र टॉमी जॉन शस्त्रक्रियेची, म्हणजे तो अस्थिबंध नव्यानं बसवण्याच्या ऑपरेशनची, चर्चा होईल. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली आणि तो पुढे १९८९ पर्यंत खेळला. त्यामुळे ‘ऑपरेशननं हात आधीपेक्षा जोरकस होतो’ असा एक समज पालकांमध्ये पसरलाय. तो चुकीचा आहे. सामन्यात परतायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि सगळे परततातच असं नाही.

मुलगा दुखणं का लपवतोय, ते मात्र समजून घ्या. त्याला वाटतं, बाबांना कळलं तर खेळ बंद आणि कोचना कळलं तर जागा गेली. म्हणजे खरं बोलण्याची किंमत त्याला दोन्हीकडून मोजावी लागते. ही किंमत आधी तुम्हाला काढून टाकावी लागेल: ‘दुखतं असं सांगितलंस म्हणून खेळ बंद होणार नाही’, हे बाबांच्या तोंडून त्याला ऐकू येऊ द्या. आणि हेही सांगा की या धंद्यात दुखणं लपत नाही. मोठ्या करारावर सही होण्याआधी क्लब हाताची कसून तपासणी करतो. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडी ऐकन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तपासणीत कोपराबद्दल शंका निघाली आणि करार झाला नाही. पुढच्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं आणि मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत, तो पोहोचलाच नाही. आईकडून भारतीय असलेला कुमार रॉकर २०२१ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण वैद्यकीय तपासणीनंतर क्लबनं करारच केला नाही. त्यानं खांद्याची शस्त्रक्रिया करून घेतली, पुढच्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर त्याची निवड झाली, २०२३ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळला. वेळ गेला, पण उपचार झाले म्हणून वाट उरली.

वर्गाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या हिवाळ्यात पैसे भरू नका. १३ ते १८ वयाच्या निरोगी पिचरांवर जड-हलक्या चेंडूंच्या सहा आठवड्यांच्या सरावाचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेग सरासरी ३.३ टक्के वाढला. तुमच्या मुलाच्या हिशेबात ८४ चे जेमतेम ८७. आणि त्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. तीही निरोगी मुलं होती. तुमच्या मुलाचं कोपर आधीच दुखतंय. या महिन्यांत वेगासाठी काही करायचंच असेल तर ते मुख्यतः कमरेखाली आहे: स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावरचे व्यायाम, पोटाचे आणि खांद्यामागचे स्नायू, आठवड्यातून तीन दिवस जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. त्याबरोबर पोटभर जेवण आणि नऊ तास झोप. वाढत्या वयात वजन आणि ताकद आली की वेग बऱ्याचदा आपसूक वर सरकतो.

‘९० नाही तर दारं बंद’ हे वाक्य अर्धं खरं आहे. वेगाला किंमत आहे, ती नाकारून चालणार नाही. मेजर लीगमधल्या फास्टबॉलची सरासरी २००८ मध्ये ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ती ९४.२ झाली. पण त्याच काळात दुखापतीही वाढल्या, आणि लीगनं स्वतःच डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात वेगाच्या मागे लागणं आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोरानं टाकणं, हीच त्यामागची मुख्य कारणं म्हटली आहेत. दारं बंद होण्याची तारीख मात्र कुणीतरी मनानं ठरवलेली आहे. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटाचे, कोच मुलाशी थेट संपर्क साधू शकतात तेच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. ती तारीख त्याच्यासाठी अजून यायची आहे. जेकब डग्रॉम कॉलेजात पिचर नव्हे, शॉर्टस्टॉप (एक क्षेत्ररक्षक) म्हणून खेळायचा. पिचर उशिरा झाला, नवव्या फेरीत निवडला गेला, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन झालं, आणि मेजर लीगमध्ये आला तेव्हा पंचविशी पार केलेली होती. नंतर त्यानं दोनदा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार मिळवला. तो अपवाद आहेच, पण सोळाव्या वर्षीचा रडारवरचा आकडा पुढचं सगळं ठरवत नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. तुमच्या मुलानं या वर्षी एक चांगला चेंजअप शिकला, फास्टबॉलच्याच हालचालीत, पण आठ-दहा मैल कमी वेगानं, तर कॉलेजचे कोच तेही टिपून ठेवतात.

आता करिअर आहे का, याचा हिशेब. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल खेळणारी मुलं साडेचार लाखांहून अधिक आहेत. ड्राफ्टच्या आता वीस फेऱ्या असतात, म्हणजे कॉलेज आणि हायस्कूल मिळून वर्षाला सहाशेच्या थोडे वर खेळाडू. निवड झाली की मायनर लीग, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्या, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२३ च्या करारानं तिथले पगार दुपटीहून वाढले, तरी तेव्हा सिंगल-एमध्ये वर्षाला किमान २६,२०० डॉलर, डबल-एमध्ये ३०,२५०, ट्रिपल-एमध्ये ३५,८००. राहण्याची सोय आता बहुतेकांना क्लब करतो. वर पोहोचल्यावर चित्र एकदम पालटतं: २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. पण संघाच्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त तेरा, म्हणजे तीस संघांत मिळून एका वेळी ३९०. तिथेही पगारावर वाटाघाटीचा हक्क साधारण तीन वर्षांच्या सेवेनंतर, आणि हव्या त्या क्लबशी बोलण्याची मोकळीक सहा वर्षांनंतर. सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. मधल्या काळात तरुण पिचर ट्रिपल-ए आणि मेजर यांच्यात ये-जा करत राहतो.

या हिशेबात हायस्कूलमधून थेट जाण्याला एकच भक्कम कारण असतं: साइनिंग बोनस एवढा मोठा असावा की हात गेला तरी शिक्षण आणि पुढची काही वर्षं सुरक्षित राहतील, आणि कॉलेजच्या खर्चाची तरतूद करारात लिहून घेतलेली असावी. नाहीतर कॉलेज. चार वर्षांच्या कॉलेजमधला खेळाडू तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतो. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधला दरवर्षी. हात, शरीर आणि डोकं, तिन्हींना पिकायला वेळ मिळतो.

आणि इथेच बाबांच्या ‘अभ्यास की खेळ’ या मांडणीला उत्तर आहे. काइल हेंड्रिक्स डार्टमथमध्ये अर्थशास्त्र शिकत होता, तिथून आठव्या फेरीत निवडला गेला. त्याचा फास्टबॉल जेमतेम ८८ च्या आसपास. २०१६ मध्ये मेजर लीगमधला सर्वांत कमी ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी), २.१३, त्याचा होता आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना त्यानं पहिला पिचर म्हणून सुरू केला. आयव्ही लीगमध्ये (डार्टमथसारख्या नामांकित विद्यापीठांच्या गटात) आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, तिथे मदत उत्पन्न पाहून किंवा अभ्यास पाहून ठरते. म्हणजे मुलाचे मार्क हेच तिथे त्याचं सर्वांत मोठं नाणं. बाबा अकरावीबद्दल बोलतात ते बरोबरच आहे; फक्त ते खेळाच्या विरोधात मांडायची गरज नाही. तुम्ही बाजू कुणाची घ्यायची? या वर्षी कोपराची. बाकी निर्णय आत्ता घ्यायचे नाहीतच.

आई-बाबा दोघांनी मिळून एक काम करा. बालाजी मंदिराच्या निमित्तानं ब्रिजवॉटरला जाणं होत असेल, तिथेच न्यू यॉर्क यँकीज या मेजर लीग क्लबचा डबल-ए संघ सॉमरसेट पेट्रियट्स खेळतो. मुलाला घेऊन तासभर आधी पोहोचा आणि त्या दिवशी न खेळणारे पिचर काय करतात ते बघा: पळणं, रबर बँड, ठरलेल्या अंतरावर मोजून फेकणं. ही मुलं बाविशी-तेविशीची, तीसेक हजार डॉलरवर काम करणारी, आणि देशातल्या अगदी निवडक पिचरांपैकी आहेत. वडिलांना त्यातली शिस्त दिसेल, मुलाला अजून चढायची असलेली पायरी.

हात बरा झाल्यावर एक वही सुरू करा, आणि ती मुलानंच लिहावी. तारीख, संघ, सामन्यातल्या पिच, बुलपेनमधल्या पिच, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी किती. शाळेच्या सामन्यांना राज्य संघटनेची पिचची मर्यादा असते, ट्रॅव्हल स्पर्धांचे नियम वेगळे, आणि दोन्हींची बेरीज कुणीच करत नाही. ती वहीत होईल. मर्यादा मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट या नियमावलीच्या पाळा. १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५. ३१ ते ४५ पिच झाल्या तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ च्या वर चार. वर्षात शंभरपेक्षा जास्त इनिंग नाहीत. चार महिने सामन्यात पिचिंग नाही, त्यातले दोन-तीन महिने सलग डोक्यावरून काहीही फेकायचं नाही. न्यू जर्सीचा हिवाळा त्यासाठीच आहे असं समजा.

वर्गाचे वाचलेले पैसे शोकेसमध्येही (कॉलेजच्या कोचना खेळ दाखवण्याच्या मेळाव्यात) लगेच घालू नका. त्याला खरोखर शिकायला आवडतील अशी पंधरा-वीस कॉलेजं निवडा, प्रत्येकाच्या पिचिंग कोचला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा: काही पिच कॅचरच्या मागून, काही बाजूनं, पहिल्या दहा सेकंदांत उंची, वजन, मार्क आणि पदवीचं वर्ष. ज्यांचं उत्तर येईल त्यांच्याच शिबिराला जा. शोकेसला जायचंच झालं तर आधी विचारा, कोणत्या कॉलेजचे कोच येणार आहेत आणि पिच किती टाकायच्या आहेत. हंगाम नसताना, थंड हातानं, रडारसमोर पूर्ण जोरात वीस पिच टाकायला लावणारी शोकेस नाकारायची.

कोचना काय सांगायचं, याची भीती तुमच्या पत्रात जाणवते. एवढंच लिहा: ‘डॉक्टरांनी फेकणं बंद केलं आहे. लेखी परवानगी मिळाली की कळवू. तोवर तो सरावाला येईल, पण चेंडू फेकणार नाही.’ चांगला कोच यावर पुढची तारीख विचारेल आणि मुलाला स्कोअर लिहायला किंवा फलंदाजी बघायला बसवेल. जो म्हणेल की दुसरा मुलगा तयार आहे, त्याच्या संघात पुढच्या वर्षी पैसे भरायचे की नाही हेही तुम्हाला तिथेच कळेल.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी: ११-१२ वयाला दिवसाची मर्यादा ८५ पिच, १३-१४ ला ९५. पिचिंग करून झालं की त्याच दिवशी कॅचर म्हणून बसवू नका; कॅचरही प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकतच असतो. एकाच हंगामात दोन संघांकडून पिचिंग नको. आणि मुलगा चेंडू टाकून झाल्यावर नकळत कोपराची आतली बाजू दाबताना दिसला, तर तो ‘काही नाही’ म्हणाला तरी त्या दिवशी त्याला परत माउंडवर पाठवू नका.